भुईआवळ्याचं पोतं

वत्सला सोमकुंवरला काळजी करायला कारण लागत नसे. पेपर अवघड गेला तर ती काळजी करायचीच, पण सोपा गेला तरी इतका सोपा कसा आला, मागच्या पानावरचा एखादा प्रश्न राहून तर गेला नाही, या विचारानं जेवायची नाही. गाडी वेळेवर आली की तिला वाटे, ही आपली गाडी नसणारच. तिगाव स्टेशनापासून आत असलेल्या त्यांच्या वस्तीत तिची आई शांताबाई शेजारणींना सांगायची, "आमची वच्छी पाळन्यातबी कपायाले आठ्या पाडून झोपे." बायका हसायच्या. हा गुण पोरीनं कुणाकडून उचलला ते शांताबाई सांगत नसे, आणि बायकाही विचारत नसत, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बाप भाऊराव संत्र्याच्या बागेत रखवालीला होता. फवारणीचा पंप, वाळवीसाठी झाडांच्या बुंध्याशी टाकायची बीएचसी पावडर, कुदळी, टोपल्या, सगळं त्याच्या ताब्यात असे. मालक भला माणूस, उरलंसुरलं घरी न्यायला ना म्हणायचा नाही. त्यामुळे सोमकुंवरांच्या घरी ज्वारीच्या कोठीच्या बुडाशी ती पावडर कायम असायची आणि कोठी उघडली की एक कुबट, जुनाट वास घरभर फिरायचा. त्या घरात वाढलेल्या पोरांना तो ज्वारीचाच वास वाटे.

अशा घरातली ही पोरगी आधी तिगावच्या शाळेत, मग पांढुर्ण्याला, मग नागपूरला जाऊन रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पंच्याऐंशी साल उजाडलं तेव्हा डॉ. श्रीधर पांढरीपांडे यांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम करत होती. वस्तीतून एवढं शिकलेली ती पहिलीच. ती घरी आली की म्हातारी माणसं तिला डोकेदुखीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगायची. "मी डॉक्टर नाही, व्हायची आहे, आणि ती डॉक्टर वेगळी," असं ती समजावून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि गुडघा पुढे करायचे.

विषय मात्र तिनं घरचाच घेतला होता. पांढरीपांडे सरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तुमच्याकडे काय उगवतं?" दुसरं कुणी असतं तर संत्रं म्हणालं असतं. वत्सला म्हणाली, भुईआवळा. पावसाळ्यात बांधाबांधानं उगवणारं वीतभर झाड, बारीक पानांच्या खाली मोहरीएवढी फळं. कावीळ झाली की तिकडच्या बायका तो उपटून आणतात, धुऊन वाटतात आणि ताकातून रिकाम्या पोटी पाजतात. वत्सलाला लहानपणी तो पाजला होता, तिच्या भावाला पाजला होता. सर म्हणाले, "मग त्याच्यात काय आहे ते बाहेर काढा."

म्हणजे काम असं. पानं सावलीत वाळवायची, भरडायची, पेट्रोलियम ईथरमध्ये उकळून त्यांचा अर्क काढायचा. तो अर्क पांढऱ्या सिलिकानं भरलेल्या उंच काचेच्या नळीत वरून ओतायचा आणि खालून थेंबथेंब पडेल तो वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचा. झाडात शंभर पदार्थ एकात एक मिसळलेले असतात. नळीतून खाली येताना ते एकमेकांचा हात सोडतात, कुणी आधी उतरतो, कुणी मागून. त्यांतला एखादा निखळ, एकटा हाती लागला की मग त्याची ओळख पटवायची: किती उष्णतेला वितळतो, त्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत, त्याचा सांगाडा कसा आहे.

पहिल्या वर्षी शांताबाईनं पोतंभर पत्ती वाळवून दिली. वत्सलानं ती पॅसेंजरनं नागपूरला नेली. सरांनी पोतं फरशीवर पालथं केलं आणि दोन पावलं मागे सरले. निम्मी पत्ती, निम्म्या मुंग्या, शिवाय कसल्याशा अळ्या. "मुंग्यांवर संशोधन करायचं असेल तर विषय बदलून घ्या," असं म्हणून ते आपल्या खोलीत निघून गेले. बाकीची पोरं हसली. वत्सलाला ते हसणं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

घरी गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं, तेही जरा तडकून. "या पाल्यात एक मुंगी, एक किडा दिसला नाई पाह्यजे, माय. माह्यं सगळं शिक्षन त्या पोत्यावर हाय."

"नाई दिसनार," शांताबाई म्हणाली.

आणि खरोखरच दिसला नाही. पुढच्या पावसाळ्यात शांताबाईनं रोजावर न जाता बांधावरून भुईआवळा आणला, घरातल्या बाजेवर पसरून सावलीत वाळवला आणि दोन पोती भरली. एक नागपूरला गेलं, एक पुढे लागेल म्हणून घरीच आढ्याला टांगून ठेवलं. सरांनी हे पोतं फरशीवर ओतलं, मूठ भरून उजेडात धरली आणि म्हणाले, "वा! आईंना सांगा, एक नंबर काम." वत्सलानं हे घरी सांगितलं तेव्हा शांताबाई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला ते ठाऊक झालं होतं. भर पावसाळ्यात, मातीच्या घरात वाळवलेल्या पाल्याला मुंगी कशी लागली नाही, हे वत्सलानं विचारलं नाही. जिला जगातल्या प्रत्येक गोष्टीची काळजी, तिला नेमकी ह्या एका गोष्टीची वाटली नाही.

फेब्रुवारीत नळीतून उतरलेल्या अर्काच्या एका बाटलीच्या तळाशी पांढरे खडे दिसले. वत्सलानं ते क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये विरघळवून पुन्हा धरले, पुन्हा विरघळवले, पुन्हा धरले. स्वच्छ, चमकणारे स्फटिक. वितळण्याचा बिंदू पक्का, एकशे अठ्ठावन्न. भुईआवळ्यातून आजवर निघालेल्या पदार्थांशी तो जुळेना. सरांनी ग्रंथालयातून जाडजाड खंड काढून आणले, त्यातही सापडेना. "नवीन दिसतोय," सर हळूच म्हणाले, मोठ्यानं म्हटलं तर खोटं ठरेल अशा बेतानं. एक गोष्ट खटकत होती. बाकीचे सगळे पदार्थ सिलिका लावलेल्या काचपट्टीवर, आयोडीनच्या वाफेत तपकिरी ठिपका दाखवत, हा काही केल्या नीट दाखवत नव्हता. "हट्टी आहे," सर म्हणाले. वत्सला त्या हट्टाची काळजी करत राहिली, पण त्या काळजीत चक्क थोडा आनंद होता.

मार्चमधल्या एका शनिवारी तिचा धाकटा भाऊ दिलीप विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. संत्र्याच्या ट्रकवर हमाली करायचा, माल उतरवायला नागपूरला आला होता.

"ताई, सुमनचे डोये पिवये झाले," तो म्हणाला. सुमन त्याची बायको, सौसरची. पाचवा महिना चालू होता. "पाह्यटंपासून उलट्या करून राहिली. मायनं तुयं आढ्याचं पोतं खाली काढलं. आता या दिवसांत हिरवा भुईआवया कुठं भेटनार? त्याचाच काढा करून देतो म्हनते. पन आधी तुले इचारून ये म्हने. दिऊ का?"

वत्सलाला आत कुठेतरी अभिमान वाटला. तिचं पोतं घरच्या कामी येत होतं.

"दे म्हना," ती म्हणाली. "निर्मळ पत्ती हाय. अन् डॉक्टरलेबी दाखव."

दिलीप ट्रक पकडायला धावत गेला.

सोमवारी सर म्हणाले की स्फटिकांचा नमुना आता लखनौला पाठवायचा, तिथल्या यंत्रावर त्याचा सांगाडा कळेल. "पण त्याआधी मूलद्रव्यांच्या परीक्षा केल्या का? नायट्रोजन, गंधक, हॅलोजन?"

केल्या नव्हत्या. झाडाच्या पानात क्लोरीन आणि त्याच्या जातीचं काही शोधायला कोण बसतं? पण सर म्हणाले म्हणून वत्सलानं तांब्याची तार घेतली. ज्योतीत धरून ती साफ होईपर्यंत तापवली, गार होऊ दिली, टोक स्फटिकांना लावलं आणि पुन्हा ज्योतीत धरलं.

ज्योत हिरवी झाली.

तिनं तार बाजूला केली. ज्योत निळी. पुन्हा धरली. हिरवी, चांगली हिरवीगार. ही खूण बी.एस्सी.च्या पोरालाही कळते: आत क्लोरीन आहे. पण वत्सलाला लगेच उत्तरही सुचलं. क्लोरोफॉर्म! स्फटिक त्यातूनच काढले होते, थोडा अडकून राहिला असणार. तिनं नमुना पसरून भट्टीत वाळत ठेवला, डबा उघडला, घास काही उतरेना, डबा बंद केला. दुपारी नवी तार घेतली. आधी साखरेला लावून पाहिली, रंग नाही. मग स्फटिकांना लावली. हिरवी. मग तिनं सोडियमच्या तुकड्यासोबत स्फटिक नळीत लाल होईस्तोवर तापवले, पाण्यात फोडले, गाळले आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पांढरा दाट साका बसला. अमोनियात तो विरघळला. आता शंकेला जागाच नव्हती. तो अडकलेला क्लोरोफॉर्म नव्हता, पदार्थाच्या हाडातच क्लोरीन होतं.

काचेच्या तबकडीवर उरलेले स्फटिक उचलायला ती वाकली, आणि भट्टीतून काढलेल्या त्या गरम खड्यांचा वास तिच्या नाकात गेला. कुबट, जुनाट. क्षणभर तिला नागपूर दिसेनासं झालं. ज्वारीची कोठी उघडली होती आणि आई वाकून पायलीनं दाणे काढत होती.

मुंगी का लागली नाही, ते तिला आत्ता कळलं.

ती सरांच्या खोलीत न विचारता गेली, असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. सर आधी हसले, "क्लोरीन? अहो, काहीतरीच," आणि मग तिचं ऐकता ऐकता त्यांचं हसू गेलं. त्यांनी कपाटातून कीटकनाशकांचं पुस्तक काढलं, बोटानं ओळ धरली. एकशे अठ्ठावन्न. बीएचसीमध्ये जे चार-पाच जुळे भाऊ एकत्र असतात, त्यांतला सगळ्यात भरपूर असणारा भाऊ. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आपण सहा महिने मुंग्यांची पावडर गाळत होतो," ते म्हणाले.

"सर, माझी भावजय ती पत्ती पिते आहे."

"काय?"

"घरी दुसरं पोतं आहे. तिला कावीळ झाली. पाचवा महिना आहे. मीच सांगितलं द्या म्हणून. शनिवारी."

सर उठले. त्यांना ओरडायची सवय होती, पण आत्ता ते अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. "घरी पोचल्याबरोबर बंद करा. दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला पावडरचं नाव सांगा. आणि हे पाहा, उतारा म्हणून कुणी दूध देईल, तूप देईल, एरंडेल देईल. काहीही द्यायचं नाही. स्निग्ध पोटात गेलं की हे विष अंगात जास्त शिरतं. लक्षात राहील?" मग तेच म्हणाले, "चला, स्टेशनवर सोडतो." त्यांची स्कूटर नेहमीप्रमाणे चौथ्या लाथेला सुरू झाली.

वस्तीत फोन नव्हता. तार केली असती तर ती उद्या पोचली असती, आणि वाचायला पोस्टमनच लागला असता. दुपारची पॅसेंजर तेवढी होती. वत्सला खिडकीशी बसली आणि आयुष्यभर जमवलेली सगळी काळजी करायची सवय तिच्या काही कामाला आली नाही. आजवरच्या काळज्या हवेतल्या होत्या, त्यांच्याशी खेळता येत होतं. ही काळजी छातीवर बसून होती.

ती हिशेब करायला लागली. पोत्यात आईनं किती पावडर टाकली असेल? नागपूरच्या पोत्यातून जेवढे स्फटिक निघाले, त्यावरून मूठभर पत्तीत किती? पावडर पाण्यात विरघळत नाही, म्हणजे काढा नीट गाळला तर थोडीच जाईल. कळमेश्वरला तिला बरं वाटलं. पण आई लुगड्याच्या पदरानं गाळते, पदरातून बारीक पावडर सहज उतरेल. काटोल येईस्तोवर ते बरं वाटणं गेलं. सकाळ-संध्याकाळ दिला असेल तर शनिवारपासून किती वेळा? एवढंसं विष मोठं माणूस पचवेल, पण पोटातलं? तिला पोटातल्या मुलाचं वजन माहीत नव्हतं. तो आकडाच नव्हता, आणि सगळा हिशेब तिथं येऊन अडत होता.

नरखेडला संत्र्याच्या टोपल्या घेऊन बायका चढल्या. शेजारी बसलेल्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, एक संत्रं सोललं आणि न बोलता तिच्या हातावर ठेवलं. वत्सलानं ते तिगाव येईस्तोवर तसंच धरून ठेवलं होतं. उतरताना पाहिलं तर मुठीतून रस गळत होता.

दिवस मावळायच्या आधी ती घरी पोचली. अर्धा रस्ता पळतच आली होती. दारात सुमन बसली होती, डोळे हळदीसारखे, तोंड उतरलेलं, पण बसलेली होती. नणंदेला पाहून ती उठायला लागली.

"बस. बस तू." वत्सलाला धाप लागली होती. "काढा पेला का? किती पेला?"

"कोनता काढा, ताई?"

"भुईआवयाचा. पोत्यातला."

"म्या नाई पेला," सुमन म्हणाली. "मायनं देल्लाच नाई मले. केला होता, पन मंग फेकून देला. म्हने, काढ्यानं टाइम लागते, तू डाक्टरची गोयी खा. कालच पांढुर्न्याहून गोया आनल्या."

वत्सला तिथंच उंबऱ्यावर बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना, आणि तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. सुमन गोंधळून तिच्याकडे पाहत राहिली.

"माय कुठं हाय?"

"आत झोपून हाय. कालपासून तिचंच बरं नाई. उलट्या होऊन राहिल्या, हात थरथरून राहिले. डाक्टरकडं चाल म्हनलं तं म्हनते, ऊन लागलं, काई नाई. आता म्या दूध तापवलं हाय तिच्यासाठी—"

"दूध नको!" वत्सला इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारची बाई कुडावरून डोकावली.

आत अंधारात शांताबाई बाजेवर पडली होती. बाजेच्या चारही पायांभोवती पांढऱ्या पावडरीची जुनी रेघ अजून होती. लेकीला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि पदर सारखा करताना तिचा हात पदराला सापडेना.

"तू कशी आली व माय? तुये स्फटिक सोडून?"

"माय, तू काढा पेली."

"नाई," शांताबाई म्हणाली. ती खोटं बोलली की नजर छताकडे न्यायची. आता तिनं छताकडे पाहिलं.

मग वत्सलानं शेजारच्या बाईला बागेत पाठवलं. भाऊराव बागेतून धावत आला. बागेतून संत्र्याच्या पेट्या घेऊन एक मेटाडोर पांढुर्ण्याला निघाली होती, तिच्यात पेट्या सरकवून जागा केली. शांताबाईला मधे निजवलं, सुमनलाही सोबत घेतलं. रस्त्यात एकदा शांताबाईचे दोन्ही हात इतके झटके देऊ लागले की वत्सलानं ते आपल्या मांडीखाली दाबून धरले. आई आपल्याला सोडून चालली असं तिला वाटलं, आणि ते वाटणं पांढुर्णा येईपर्यंत गेलं नाही. दवाखान्यात तिनं डॉक्टरांना पावडरचं नाव सांगितलं, रासायनिक नावही सांगितलं, किती पोटात गेली असेल त्याचा अंदाजही सांगितला. डॉक्टरांनी भराभर सुई, सलाइन लावलं. सुमनचे डोळे, पोट तपासलं आणि बाळ ठीक आहे म्हणाले. शांताबाईचं मात्र सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, म्हणाले.

सकाळी हात थांबले होते. डॉक्टर येऊन गेले, आता भीती नाही म्हणाले. खिडकीतून ऊन शांताबाईच्या पायांवर आलं होतं. वत्सला स्टुलावर बसून होती, वेणी सुटलेली.

"वच्छे, एक इचारू?" शांताबाईचा आवाज बसला होता.

"इचार ना."

"तुया झाडात इख निंगालं का?"

वत्सलानं स्टूल पुढे ओढलं. "तू काऊन पेली, माय?"

आता शांताबाईनं छताकडे पाहिलं नाही. "सुमन परायाची पोरगी. दोन जिवाची. हिरवा भुईआवया आपन पिढ्यानपिढ्या देऊन राहिलो, त्याचं मले समजते. पन वायलेला कधी कोनाले देल्ला नव्हता. तू दे म्हनली, ते खरं. पन तू नागपुरात होती. मंग म्हनलं, आधी आपन पिऊन पाहू. शनिवारी पेली तं मळमळलं. म्हनलं, भाकर बाधली असंन. रविवारी पुन्हा पेली, तं हात थरथरले."

"तवाच सांगाचं ना कोनाले!"

"काय सांगू? पोरगी दोन साल झाले त्याच झाडावर शिकून राहिली, अन् तिच्याच घरातून बोंब उठली का औषध खराब हाय, तं तिचे सर काय म्हनतीन? डिग्री देतीन का?" शांताबाई थांबली, ओठ ओले केले. "सुमनचा वाटा मोरीत ओतला. अन् सोमवारी पाह्यटं म्या आखरी एकडाव पेली. म्हनलं, पक्कं करून घ्यावं, पत्तीच हाय का दुसरं काही."

म्हणजे तीनदा. वत्सलानंही तार पुन्हा पुन्हा ज्योतीत धरली होती, साखरेवर ताडून पाहिलं होतं, पण प्रयोगशाळेत, लाकडी बाकापाशी. तिनं आईचा हात घट्ट धरला.

"झाडात नाई, माय," ती म्हणाली. "झाड चांगलं हाय. ते पावडरीचं इख होतं. मुंग्यासाठी टाकली ना तू, ते बीएचसी. मले नागपुरात तेच सापडलं."

वत्सलाला वाटलं, आई आता कपाळावर हात मारून घेईल, रडेल. पण शांताबाईनं डोळे मिटले आणि दोन दिवस दाबून ठेवलेला श्वास हळूहळू सोडला.

"म्हंजे झाडाचा काई दोष नाई."

"नाई."

"बरं झालं व माय. म्या तं लय भेली होती." मग तिनं डोळे उघडले. "पन पावडर तं म्याच टाकली ना. बाजेखाली टाकली, अन् पोत्यातबी भुरभुरली, ज्वारीत टाकतो तशी. तुयं सगळं काम गेलं का?"

"गेलं," वत्सला म्हणाली. लपवून उपयोग नव्हता. "पन एक मुंगी दिसली नाई पाह्यजे, हे मीच तुले म्हनली होती."

बाहेर कुणीतरी दवाखान्याच्या पायऱ्या झाडत होतं. वत्सलाला त्या सहा महिन्यांचं दुःख व्हायला हवं होतं, पण आईचा हात हातात होता आणि तो थरथरत नव्हता, एवढंच तिला कळत होतं.

शांताबाईनं हात सोडवून घेतला आणि तोच हात लेकीच्या कपाळावरून फिरवला, आठ्यांवरून, जणू त्या पुसून निघतील.

"नोको फिकर करू," ती म्हणाली. "पानी पडलं का पुन्हा आनू. या खेपेले पावडर नाई, काई नाई. मुंग्या मी हातानं येचीन."